पुरीची रांग आणि सहीची रांग

मंडळी, गेल्या वर्षीचा दिवाळी मेळावा आठवतोय ना? नाटुकलं झकास झालं, बच्चेकंपनीचे नाच झाले, आभारप्रदर्शन नेहमीप्रमाणे लांबलं आणि बरोबर नऊ वाजता ‘आता सर्वांनी भोजनाचा आस्वाद घ्यावा’ असं जाहीर होताच अख्खा हॉल एका दाराकडे निघाला. शेवटचं ताट भरलं तेव्हा अकराला दहा कमी होते. म्हणजे एक तास पन्नास मिनिटं! श्रीखंड भरपूर उरलं, पण पुऱ्या थंड झाल्या आणि माणसं गरम. मंगाफ-फाहाहीलकडची पोराबाळांची कुटुंबं तर न जेवताच निघून गेली. त्याचं आम्हाला फार वाईट वाटलं.

आम्ही म्हणजे भोजन समितीतले चौघे. दोन इंजिनीअर, एक हिशेबनीस आणि एक वहिनी, ज्यांना आम्हा तिघांच्या एकत्रित अनुभवापेक्षा पंगतीचा अनुभव जास्त. पुढच्या बैठकीत सूचनांचा पाऊस पडला. ‘भाजीवर दोन माणसं वाढवा.’ ‘अजून एक टेबल लावा.’ ‘बायका-मुलांची रांग वेगळी करा.’ सगळेच आग्रही, आणि पुरावा कोणाकडेच नाही. प्रयोग करायचा तर पुढच्या दिवाळीपर्यंत थांबा आणि तोही ४८० उपाशी माणसांवर करा! तेव्हा आमच्यातले एक इंजिनीअर म्हणाले, ‘आमच्याकडे प्लान्टवर काही बदलायचं असेल तर आधी कॉम्प्युटरवर करून बघतात. जेवणाच्या रांगेचं का करू नये? सॉफ्टवेअर फुकट मिळतं.’

‘फुकट’ हा शब्द ऐकून आमचे हिशेबनीस सावरून बसले. हा लेख त्यानंतरच्या वर्षभराचा.

रांगेचं चित्र

पहिलं काम अगदी साधं होतं. मेळाव्याची व्हिडिओ शूटिंग होतीच. ती लावून आम्ही एका शुक्रवारी सालमियातल्या एका घरी घड्याळ घेऊन बसलो. ताट उचलणं, कोशिंबीर-लोणचं, भाजी, पुरी, मसालेभात, वरण, श्रीखंड, अशी सात ठिकाणं. बहुतेक ठिकाणी एका माणसाला पाच-सहा सेकंद लागत होते. श्रीखंडाला आठ, कारण ते चमच्याला चिकटतं. आणि पुरीला बारा! कारण पुरी आतून गरम येते, टोपली रिकामी होते, आणि ‘दोन घ्या हो, तीन घ्या’ हा संवाद तिथेच होतो.

आता गणित करा. रांग तिच्यातल्या सर्वांत संथ जागेपेक्षा वेगाने सरकू शकत नाही. ४८० माणसं गुणिले बारा सेकंद म्हणजे ९६ मिनिटं. भाजीवर दोन सोडून दहा वाढपी उभे केले असते तरी ही ९६ मिनिटं कमी झाली नसती. भाजीवाल्यांनी फक्त माणसं पुरीपाशी लवकर नेऊन उभी केली असती.

पण प्रत्यक्षात ११० मिनिटं लागली होती. वरची चौदा मिनिटं कुठली? इथे कागदावरचं गणित थांबतं. बारा सेकंद ही सरासरी झाली. एखाद्याची पुरी सहा सेकंदांत होते, तर एखाद्या आजोबांना मऊ पुरी निवडून देताना पंचवीस सेकंद जातात. पुढे श्रीखंडापाशी कोणी रेंगाळलं की मागची माणसं अडतात, पुरीवाला हात जोडून उभा राहतो, आणि त्याचे वाया गेलेले सेकंद पुढे कधीच भरून निघत नाहीत. असे छोटे अडथळे एकमेकांत कसे गुंततात हे डोक्यात मांडता येत नाही. त्यासाठी सिम्युलेशन, म्हणजे रांगेची नक्कल हवी.

आम्ही ‘जामसिम’ नावाचं मुक्त सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. हे कॅनडातल्या अभियंत्यांनी खाणी, बंदरं, कारखाने यांच्या कामासाठी बनवलं आणि मग सर्वांसाठी खुलं केलं. पडद्यावर सात चौकोन मांडले, ते रेषांनी जोडले, प्रत्येकाला ‘इतक्यापासून इतक्या सेकंदांपर्यंत’ असा वेळ दिला आणि दोन चौकोनांमध्ये एकच माणूस उभा राहील एवढी जागा ठेवली. मग ४८० खोटी माणसं सोडली. एकदा नाही, दोनशे वेळा. बहुतेक वेळा उत्तर १०५ ते ११५ मिनिटांच्या मध्ये आलं. म्हणजे नक्कल खऱ्या रांगेसारखी वागत होती. आता तिच्यावर प्रयोग करायला हरकत नव्हती, कारण तिथे कोणी उपाशी राहत नव्हतं.

भाजीवर दोन माणसं वाढवली: फरक शून्य. पुरीवर दुसरा वाढपी ठेवला: रांग धावली, पण आता श्रीखंडापाशी तुंबली. तेव्हा वहिनी म्हणाल्या, ‘अहो, श्रीखंड वाट्यांत आधीच भरून ठेवा की! लग्नाला आम्ही तेच करतो.’ तेही करून पाहिलं. पुरीवर एक जादा माणूस आणि आधी भरलेल्या वाट्या. उत्तर आलं, सुमारे ५५ मिनिटं. नवीन टेबल नाही, वेगळी रांग नाही.

यंदाच्या दिवाळीत तसंच केलं. शेवटचं ताट एक तास आठ मिनिटांनी भरलं. मग तेरा मिनिटं चुकली कुठे? लोक दुसऱ्यांदा पुरी घ्यायला पुन्हा रांगेत शिरले! ते आमच्या चित्रात नव्हतंच. चित्रात नसलेली गोष्ट कॉम्प्युटर कुठून सांगणार? हा धडा पुढे फार महागात पडता पडता राहिला, तो सांगतोच.

ही विद्या आली कुठून

रांगेचा शास्त्रशुद्ध विचार सुरू झाला तो टेलिफोनपासून. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे डॅनिश गणिती ए. के. अर्लांग यांनी १९०९ मध्ये, येणाऱ्या फोनांच्या गर्दीचं गणित प्रसिद्ध केलं. त्या विचारातून पुढे निघालेला एक हिशेब आपण सर्वांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. समजा खिडकी एकच, माणसं वाटेल तेव्हा येतात आणि प्रत्येकाचं काम सरासरी पाच मिनिटांचं असतं. खिडकीवरचा माणूस ८० टक्के वेळ गुंतलेला असेल तर तुम्हाला सरासरी २० मिनिटं थांबावं लागतं. तो ९० टक्के गुंतला तर ४५ मिनिटं. आणि ९५ टक्के गुंतला तर ९५ मिनिटं! कारकून तोच, काम तेच, गर्दी थोडीशीच वाढली, पण थांबणं दुपटीने वाढलं. दवाखान्यात किंवा जवाझातमध्ये एखाद्या दिवशी ‘आज काय झालंय यांना?’ असं आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा ‘यांना’ काहीच झालेलं नसतं.

नक्कल करण्यासाठी खास भाषा १९६० च्या दशकात आल्या. आयबीएममध्ये जेफ्री गॉर्डन यांनी १९६१ च्या सुमारास एक भाषा बनवली. नॉर्वेत ओस्लोला दाल आणि नीगार्ड या जोडीने ‘सिम्युला’ बनवली. आजच्या बऱ्याच प्रोग्रॅमिंग भाषांमध्ये त्या सिम्युलाचा वारसा आहे. १९६२ मध्ये जर्मनीच्या कार्ल आडाम पेट्री यांनी आपल्या प्रबंधात, अनेक गोष्टी एकाच वेळी चालू असताना त्यांचं चित्र कसं काढावं याचा पाया घातला. ऑफिसची कामं चित्रात मांडायची एक सर्वमान्य पद्धत मात्र बरीच उशिरा आली. ‘बीपीएमएन’ या नावाने ती २००४ मध्ये निघाली आणि २०११ मध्ये तिची सुधारलेली दुसरी आवृत्ती आली. गोल म्हणजे सुरुवात किंवा शेवट, गोलसर कोपऱ्यांचा चौकोन म्हणजे काम, शंकरपाळी म्हणजे ‘हो की नाही’चा फाटा. आणि प्रत्येक माणसाचा किंवा खात्याचा एक आडवा पट्टा, पोहण्याच्या तलावातल्या पट्ट्यासारखा. एवढं समजलं की निम्मी चित्रं वाचता येतात.

आणि हे सगळं यायच्या कितीतरी आधी आपल्या माणसांनी कागदाशिवायच अशी यंत्रणा उभी केली होती. मुंबईत १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेली डब्यांची सेवा घ्या. डबा घरातून निघतो, स्टेशनवर वेगळा केला जातो, लोकलने जातो, पुन्हा वेगळा होतो आणि तिसऱ्या-चौथ्या हाताने टेबलावर पोचतो. झाकणावरच्या खुणांत कुठल्या स्टेशनला उतरायचं, कुठली इमारत, कितवा मजला, एवढं मावतं. करोनाच्या आधी सुमारे पाच हजार माणसं रोज दोन लाखांच्या आसपास डबे अशी पोचवत होती. हार्वर्डच्या मंडळींनी २०१० मध्ये त्यावर अभ्यास लिहिला. त्या यंत्रणेत लोकलचं वेळापत्रक हा मालक आहे. गाडी चुकली की सगळं चुकलं, म्हणून बाकीची सगळी कामं त्या वेळेभोवती बांधलेली. आमच्या रांगेत जी पुरी, ती त्यांच्याकडे लोकल.

सहीची रांग

पुरीचं यश डोक्यात गेलं आणि आमच्यातल्या एकाने हाच प्रयोग आपल्या कंपनीत करायचं ठरवलं. कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही, कुवेतमध्ये अशा पुष्कळ आहेत. साइटवरून माल मागवायचा कागद निघतो आणि सह्या गोळा करत खरेदी खात्यापर्यंत जातो. नियमाच्या पुस्तकात सात पायऱ्या होत्या आणि मुदत चार दिवस. प्रत्यक्षात सरासरी अकरा दिवस लागत. माणसांचं खरं काम मोजलं तर सगळं मिळून पन्नास मिनिटं! बाकी सगळा वेळ कागद कुठे ना कुठे पडून.

आमच्या मित्राने साहेबांची रीतसर परवानगी घेतली आणि पुस्तकाप्रमाणे चित्र काढलं. नक्कल चालवली तर उत्तर आलं चार दिवस. म्हणजे नक्कल खोटी बोलत होती. मग तो एका कागदाच्या मागोमाग टेबलाटेबलावरून फिरला. तेव्हा पुस्तकात नसलेलं एक टेबल सापडलं. तिथे कोकणातले एक गृहस्थ बसत. सगळे त्यांना काकाच म्हणत. कुवेतमध्ये सव्वीस वर्षं झालेली. सगळे कागद त्यांच्याकडे येत, ते रजिस्टरात नोंद करत आणि दोन दिवसांनी पुढे पाठवत. चित्रात त्यांचा चौकोन घातला, पुढचं थांबणंही मोजून घातलं, आणि बरोबर अकरा दिवस आले.

साहेबांनी चित्र पाहिलं, काकांच्या चौकोनावर बोट ठेवलं आणि म्हणाले, ‘हा काढा. दोन दिवस वाचतील.’

आमचा मित्र त्या रात्री जेवला नाही. आपण इथे राहणारी माणसं. नोकरी गेली की अकामा जातो, अकाम्याबरोबर कुटुंबाचा व्हिसा जातो, आणि मुलांची शाळा अर्ध्यावर सुटते. काकांची मुलगी त्या वर्षी अकरावीत होती. आणि ते चित्र आपल्याच माणसाने, हौसेने काढलेलं!

आम्ही चौघे पुन्हा बसलो. वहिनींनी एकच विचारलं, ‘ते काका दोन दिवस कागदाचं करतात तरी काय?’ हे आम्ही कोणी विचारलंच नव्हतं. मित्राने दुसऱ्या दिवशी काकांबरोबर चहा घेतला आणि रजिस्टर बघायला मागितलं. दहातल्या तीन कागदांवर काहीतरी चुकलेलं असे. मालाचा नंबर जुना, माप अपुरं, नाहीतर कामाचा क्रमांक दुसऱ्याच साइटचा. काका फोन करून ते दुरुस्त करून घेत. कोणी सांगितलं नव्हतं, कुठे लिहिलं नव्हतं. आधीच्या वर्षांत असे कागद पार पुरवठादारापर्यंत जाऊन परत आलेले त्यांनी पाहिले होते, एवढंच.

आता काकांना वगळून नक्कल चालवली. दहापैकी सात कागद नऊ दिवसांत पार. उरलेले तीन मात्र परत येऊन पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे अठरा दिवस. सरासरी काढा: ११.७ दिवस! वाचले काहीच नाहीत, उलट वाढले. आणि खरा तुंबारा भलतीकडेच होता. एक वरिष्ठ अधिकारी आठवड्यातून दोनच दिवस सह्या करत, आणि पाच दिनारचा ब्रश असो की पाच हजारांचा पंप, कागद त्यांच्याकडेच जाई. आमच्या भोजनातली पुरी ती हीच. लहान रकमांची सही खालच्या पातळीवर दिली तर सरासरी सहा दिवसांवर येते, असं नक्कल म्हणाली. साहेबांना आकडे पटले आणि तसा बदल झाला.

गोष्ट इथे संपवली तर गोड होईल, पण खरी होणार नाही. काकांची तपासणी पुढे एका छापील यादीत आली, साइटवरची मंडळी ती स्वतः भरू लागली आणि वर्षभराने ती जागा बंद झालीच. पण ते एक वर्ष मिळालं. मुलीची बारावी इथेच झाली, काकांना तयारीला वेळ मिळाला, आणि ती यादी त्यांनी स्वतः बसून बनवून दिली. या देशात २०२१ मध्ये सरकारी कामांसाठी ‘सहेल’ अॅप आलं, तेव्हा मंदूब लोकांची काही कामं अशीच फोनवर गेली. कामं बदलणारच. पण बदलणाऱ्याने चित्र काढताना त्या टेबलावरच्या माणसाला विचारलं होतं का, एवढं तरी आपण बघू शकतो.

‘मुक्त’ म्हणजे काय, आणि आपल्याला काय

अशी मोठी सॉफ्टवेअर्स कंपन्यांकडे असतात, पण परवान्यावर. काँट्रॅक्ट संपलं की लॅपटॉप परत, परवाना परत, आणि शिकलेलं वापरायला हातात काही नाही. मुक्त सॉफ्टवेअरचं तसं नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ज्या विचाराची चळवळ सुरू केली तो असा: प्रोग्रॅम वापरा, आतून उघडून बघा, बदला आणि दुसऱ्यालाही द्या. आमच्यासाठी याचे तीन सरळ फायदे झाले. पैसे लागले नाहीत. आकडे आमच्याच लॅपटॉपवर राहिले, कोणाच्या परक्या यंत्रावर गेले नाहीत. आणि बीपीएमएनचं चित्र साध्या मजकुराच्या फाइलीत साठतं, त्यामुळे इथे काढलेलं चित्र उद्या सांगलीला दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही उघडेल. परत जाऊन लहानसा कारखाना, दवाखाना किंवा केटरिंग काढायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

एक सावधगिरी मात्र हवी. आज मुक्त ते उद्या मुक्त राहीलच असं नाही. बर्लिनच्या कामुंडा कंपनीचं चित्र काढायचं साधन मुक्त आहे. पण त्यांच्या आठव्या पिढीचं, प्रत्यक्ष कामं चालवणारं इंजिन व्यवसायात वापरायचं तर ऑक्टोबर २०२४ पासून परवाना घ्यावा लागतो. तेव्हा आधी परवान्याची अट वाचा, मग घर बांधा.

सुरुवात कशी कराल

पहिला आठवडा कॉम्प्युटरला हात लावू नका. कागद, पेन्सिल, घड्याळ. एखादं रोजचं काम घ्या आणि ते जसं होतं तसं लिहा, जसं व्हायला हवं तसं नाही. प्रत्येक टप्प्यावर काम किती आणि थांबणं किती, हे वेगळं मोजा. टेबलावर साठ कागद पडलेत आणि दिवसाला बारा निघतात, तर नवा कागद पाच दिवस थांबणार, एवढं तर तोंडी सांगता येतं.

मग चित्रासाठी कामुंडा मॉडेलर, आणि नकलेसाठी जामसिम. पायथन शिकणाऱ्या मुलांना ‘सिमपाय’ दाखवा. ते २००२ पासून आहे, आणि जेवणाची रांग त्यात शंभरेक ओळींत बसते. आमच्या हिशेबनिसांनी तर लिबरऑफिसच्या तक्त्यातच आकस्मिक आकडे टाकून रांग चालवून दाखवली! लिबरऑफिससारख्या विषयांचे मराठीतून बोललेले धडे मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने फुकट ठेवले आहेत, ते घरातल्या ज्येष्ठांनाही सहज जमतील. रिफायनरीतल्या मंडळींसाठी एक वेगळी वाट: टाक्या, पंप आणि उष्णता यांची नक्कल करणारं ‘डीडब्ल्यूसिम’ हेही मुक्त आहे, आणि त्याच आयआयटीचा ‘फॉसी’ प्रकल्प त्याचा प्रसार करतो.

आणि ऑफिसचं काही करणार असाल तर लेखी परवानगीशिवाय एक आकडासुद्धा घरी आणू नका. परका मुलुख आहे, विसरू नका.

जाता जाता, पुढच्या दिवाळीसाठी आमच्या चित्रात आता एक नवीन चौकोन आहे: ‘दुसऱ्यांदा पुरी’. त्यासाठी वेगळी टोपली, वेगळं टेबल आणि एक स्वयंसेवक लागणार आहे. नाव द्यायचं असेल तर भोजन समितीशी बोला. आणि गेल्या वर्षी न जेवता गेलेल्या मंडळींनो, या वेळी नक्की थांबा. पुरी गरम मिळेल, हा आमचा शब्द!